घरी शिकलेली लेक पाचवीत शाळेत गेली, पण मैत्रिणी काही जमेनात

कळंब्याची_आई | ६ जुलै, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. आजवर शाळेत गेली नव्हती, घरीच शिकली. आम्ही दोघं घरून काम करतो, त्यामुळे जमलं. वाचन भरपूर, गणित बरं, आमच्या कोल्हापूरच्या कळंबा तलावावरचे पक्षी तोंडपाठ. उन्हाळ्यात तिनंच सांगितलं, "मला शाळेत जायचंय, तिथं खूप मुलं असतात." म्हणून जूनमध्ये घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत पाचवीत घातली. अभ्यासाची काही अडचण नाही. बाई चांगल्या आहेत.

अडचण आहे मैत्रिणींची. वर्गातल्या मुली पहिलीपासून एकत्र आहेत. कुणी कुणाशेजारी बसायचं, मधल्या सुट्टीत कुणाचा हात धरून नळावर जायचं, सगळं ठरलेलं. ही खिचडीची ताटली घेऊन बाईंच्या टेबलाजवळ जाऊन बसते. मोठ्यांशी तिच्या छान गप्पा होतात. मुलींशी बोलायला गेली की दोन वाक्यांत संपतं.

त्यात मागच्या आठवड्यात वर्गातला डस्टर कुणीतरी खिडकीतून बाहेर टाकला. बाईंनी विचारलं, कुणी टाकला? सगळा वर्ग गप्प. हिनं उभं राहून नाव सांगितलं. घरी विचारलं की खरं सांगायचं, एवढंच तिला माहीत. त्या दिवसापासून मुलींच्या दोन्ही रांगांनी हिच्याशी कट्टी घेतली आहे. रोज संध्याकाळी ही शांतपणे घरी येते आणि रात्री झोपताना विचारते, "त्यांना माझा राग का आला?"

मी बाईंशी बोलू का? मुलींना घरी बोलावू का? की गप्प बसून बघू? ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पेठेतला_गडी | ६ जुलै, रात्री १०:३१

ताई, लई टेन्शन घेऊ नगासा. कट्टी हाय, कोर्टाची तारीख न्हवं. चार-आठ दिसांत सुटती. पण पोरीला एक सांगून ठेवा, वर्गात कुणाचं नाव घ्यायचं न्हाई. शिवाजी पेठेत आमच्या शाळेत गुरुजींनी छड्या मारल्या तरी कुणी नाव सांगत न्हवतं. अख्खा वर्ग मार खायचा आन मग अख्खा वर्ग एकत्र पेरू खायचा.

---

सरळसोट | ६ जुलै, रात्री ११:०२

तुम्हाला वाईट वाटेल, पण लिहितो. मुळात दहा वर्षं घरी ठेवलंच का? पुस्तकातलं सगळं घरी येतं हो, पण भांडण, वाटणी, नंबर लावणं, रुसणं हे चाळीस पोरांतच येतं. पहिलीतली पोरं हे सहा वर्षांची असताना शिकतात, तुमची दहाव्या वर्षी शिकते आहे. तिला त्रास होणारच. मुलगी हुशार दिसते, त्यामुळे शिकेल. पण घरी शिकवणाऱ्या बाकीच्या पालकांनी हा धागा वाचावा म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

घरी_शिकलेला | ७ जुलै, सकाळी ७:४०

सरळसोट काका, मी त्याच पोरांपैकी. गडहिंग्लज तालुक्यात शेतावर वाढलो, आईवडिलांनी घरी शिकवलं, आठवीत पहिल्यांदा शाळेत गेलो. भांडण, वाटणी, रुसणं मला येत होतं. वस्तीवर आम्ही सात-आठ पोरं होतो, त्यांच्यात दिवसभर तेच चालायचं. घरी शिकलेलं मूल म्हणजे खोलीत कोंडलेलं मूल नव्हे.

मला येत नव्हतं ते वेगळंच. वर्गात दोन माणसं असतात, समोर शिकवणारा आणि बाजूला बसलेला. एकाशी बोलायची भाषा दुसऱ्याशी चालत नाही, हे मला कळायचं नाही. मी सरांना नावाजलेल्या पाहुण्यासारखे प्रश्न विचारायचो आणि मागून हशा यायचा. घरात मोठ्यांशी बरोबरीनं बोलायची सवय होती. पोरांना वाटायचं, हा सरांचा माणूस.

ताई, तुमची मुलगी बाईंच्या टेबलाजवळ बसते हे वाचून मला तेच आठवलं. बाई चांगल्या आहेत म्हणून ती तिथं जाते, कारण तिथं तिला बोलता येतं. पण जोवर ती तिथं बसते तोवर पोरींच्या लेखी ती बाईंची. डस्टरच्या प्रकरणात ती बाजू घेतल्यासारखी दिसली ती त्यामुळेच.

माझं जमलं ते खो-खोच्या संघात. मला पळता चांगलं यायचं. एकदा शिक्षकांनी संघात घेतलं, मग कुणी विचारलं नाही की तू सातवीपर्यंत कुठं होतास.

---

निवृत्त_बाई | ७ जुलै, दुपारी १:२०

मी जिल्हा परिषदेच्या आणि नंतर शहरातल्या शाळेत मिळून आयुष्यभर प्राथमिकला शिकवलं. म्हणून थोडं लांब लिहिते.

बाईंशी जरूर बोला, पण काय मागायचं ते ठरवून जा. "हिच्याशी सगळ्यांनी मैत्री करा बरं का" असं वर्गात जाहीर करायला लावू नका. त्यानं मूल आणखी एकटं पडतं. बाईंना एवढंच सांगा की हिला कुणाच्या तरी जोडीनं काम द्या. शाळेत अशी कामं पुष्कळ असतात. परिपाठाला दिनविशेष वाचणं, खिचडी वाढताना ताटल्या मांडणं, पुस्तकांची पेटी उघडून नोंद करणं, कुंड्यांना पाणी. ज्या मुलीला कट्टीचं फारसं काही पडलेलं नसतं अशी एक तरी मुलगी प्रत्येक वर्गात असते. बाईंना ती बरोबर माहीत असते. तिच्याबरोबर जोडी लावायला सांगा. दोघी एक बादली उचलायला लागल्या की काहीतरी बोलतातच.

दुसरं, जेवायला कुठं बसायचं हे बाईंनी ठरवू द्या. बाईच म्हणाल्या की "मी आज वह्या तपासतेय, तू तिकडं ओळीत बस," तर मुलीला आपल्याला हाकललं असं वाटणार नाही.

तिसरं, घरी बोलावण्याची घाई नको. दहा मुली केक खायला येतील, खातील, जातील.

नाव सांगण्याबद्दल मी पेठेतल्या गड्याशी पूर्ण सहमत नाही. त्याबद्दल नंतर लिहिते, नातवाला आणायची वेळ झाली.

---

वाट_पाहणारा | ७ जुलै, दुपारी ३:०५

थोडं अवांतर. कळंब्याची आई, दाखला नसताना थेट पाचवीत प्रवेश कसा मिळाला? आमचाही मुलगा घरीच शिकतो. दोन ठिकाणी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. जो कधी शाळेतच गेला नाही त्याचा दाखला आणायचा कुठून?

---

कळंब्याची_आई | ७ जुलै, दुपारी ३:४८

आम्हाला जन्मदाखला आणि आधार मागितलं, बस्स. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ४ वाचून घ्या. सहा वर्षांवरचं मूल कधी शाळेत गेलं नसेल किंवा मध्येच सुटलं असेल, तर त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घ्यायचं आणि मागे असेल तर वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं, असं त्यात आहे. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एक लेखी अर्ज, त्यात कलमाचा उल्लेख आणि पोच घ्या. आमच्या मुख्याध्यापकांना हे माहीतच होतं, त्यामुळे सोपं गेलं.

---

पेठेतला_गडी | ७ जुलै, सायंकाळी ६:१०

ताई, तुमी शाहू महाराजांच्या काळात न्हाईसा हे बरं झालं. महाराजांनी १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आन फुकट केलं. पोर शाळंला न्हाई घातलं तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड हुता. 😄 दहा वर्षांचा हिशेब काढला तर तवाच्या रुपयात घर झालं असतं!

---

निवृत्त_बाई | ७ जुलै, रात्री ८:३५

शाहू महाराजांचा विषय निघालाच तर लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालयही आठवतं. १९८५ मध्ये आपल्याच कोल्हापुरात सुरू झालं. मुलांना बोलू द्या, हातानं करू द्या, भीती घालू नका, हे तिथं नुसतं बोललं गेलं नाही, वर्षानुवर्षं केलं गेलं. आम्ही सरकारी शाळेतले काही शिक्षक तिथं जाऊन बघून आलो आणि आमच्या वर्गात जमेल तेवढं आणलं. घरी शिकवणारे पालक आणि शाळा हे दोन वेगळे पक्ष आहेत असं मला वाटत नाही ते त्यामुळे.

आता नाव सांगण्याबद्दल. मुलीला "नाव सांगू नकोस" असं सरसकट शिकवू नका. उद्या कुणी कुणाला जिन्यावरून ढकललं, कुणाला शौचालयात कोंडलं, कुणी नको तिथं हात लावला, तर तिनं लगेच, न घाबरता सांगितलंच पाहिजे. कुणाला इजा होत असेल, कुणी रडत असेल, तर सांगायचं. डस्टर खिडकीतून गेला, खडू मोडला, कुणी बाकावर रेघा मारल्या, तर बाईंना स्वतः शोधू दे. मी माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात हे स्पष्ट सांगायची. मुलांना फरक लगेच कळतो.

---

तत्त्वाचं_बोला | ७ जुलै, रात्री ९:१५

बाई, तुमचा आदर ठेवून विरोध नोंदवतो. त्या मुलीनं काय चूक केली? शिक्षिकेनं विचारलं, तिनं खरं सांगितलं. आता तिला "काही वेळा गप्प बसायचं" शिकवायचं का, तर बाकीच्या वर्गाला गप्प बसायची सवय आहे म्हणून? मोठेपणी कार्यालयात पैसे खाताना दिसले तरी लोक गप्प बसतात, त्याची सुरुवात पाचवीतच होते. तिच्या आईनं तिला सांगावं, तू बरोबर होतीस.

---

निवृत्त_बाई | ७ जुलै, रात्री ९:४०

ती बरोबर होतीच. तिला तसंच सांगावं, यात वाद नाही. पण वर्गासमोर विचारणं हे बाईंनी टाळायला हवं होतं. चाळीस मुलांसमोर "कुणी केलं?" विचारलं की मूल पेचात सापडतं. एकेकीला बाजूला घेऊन विचारता येतं. किंवा "डस्टर जागेवर आला पाहिजे, मी पाच मिनिटं बाहेर जाते" म्हणून बाहेर जायचं. डस्टर येतो.

---

सरळसोट | ७ जुलै, रात्री ९:५८

हे पटलं. पाच मिनिटं बाहेर जाणं लक्षात ठेवीन, घरातही चालेल.

---

मनोविद्या | ८ जुलै, सकाळी ११:३०

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. दोन गोष्टी अभ्यासातल्या सांगते, इथं लागू पडतात.

मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून त्याचे प्रकार मांडले. त्यात एक प्रकार नुसतं बघत राहण्याचा आहे. मूल बाजूला उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघतं, मध्ये बोलतं, पण उतरत नाही. पार्टन यांची मुलं वयानं बरीच लहान होती, पण नवीन ठिकाणी आलेलं मोठं मूलही काही दिवस हेच करतं. बघून बघून ते नियम शिकत असतं. त्याला ढकलून खेळात घालू नये.

दुसरा अभ्यास पुटालाझ आणि गॉटमन यांचा, १९८१ चा. आधीच खेळणाऱ्या मुलांच्या गटात नवीन मूल कसं शिरतं, हे त्यांनी पाहिलं. ज्यांना गट पटकन घेत नाही ती मुलं आल्या आल्या स्वतःबद्दल सांगतात, माहितीचे प्रश्न विचारतात किंवा मतभेद दाखवतात. जी सहज सामावतात ती गटात जे चाललंय त्यातच काहीतरी भर घालतात. विटी लांब गेली तर धावत जाऊन आणून देतात.

कळंब्याची आई, तुमची मुलगी मुलींजवळ गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलते, हे तिला सहज विचारून बघाल?

---

कळंब्याची_आई | ८ जुलै, रात्री १०:२०

विचारलं. ऐकून मलाच धक्का बसला. मुली लगोरी खेळत होत्या. ही गेली आणि म्हणाली, "तुम्ही चुकीचं खेळताय, सात दगड लागतात, तुमचे पाचच आहेत." आणि मग त्यांना कळंब्याला दिसलेल्या पाणकोंबडीबद्दल सांगायला लागली.

वह्यांचंही तेच आहे. शेजारच्या मुलीच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की ही लगेच सांगते. तिला वाटतं आपण मदत करतोय. आमच्याकडे घरी असंच चालतं, ती माझ्याही मेलमधल्या चुका काढते आणि मी तिला शाबासकी देते.

---

कोथरूडची_कोल्हापुरी | ८ जुलै, रात्री १०:४४

पाच दगडांची लगोरी?? आमच्या राजारामपुरीत सातच होते, पण एक फरशीचा तुकडा सगळ्यात वर ठेवायचा आणि तो पडला तर डाव बाद.

---

पेठेतला_गडी | ८ जुलै, रात्री १०:५०

आमच्या गल्लीत नऊ. आन चेंडू कापडाचा, पाण्यात भिजवून. पाठीत बसला की दोन दिस लाल.

---

वाट_पाहणारा | ८ जुलै, रात्री ११:०१

गंगावेशीत आम्ही रस्त्यावर मिळतील तेवढे रचायचो. दूध कट्ट्यावर म्हशी आल्या की डाव थांबायचा.

---

कोथरूडची_कोल्हापुरी | ८ जुलै, रात्री ११:१५

मूळ प्रश्नाकडे येते. कळंब्याची आई, ती शाळेतून घरी कशी येते? तुम्ही गाडीवरून आणता का? आणत असाल तर बंद करा. माझी लेक इथं पुण्यात दुसऱ्या शाळेत गेली तेव्हा वर्गात कुणीच जमलं नाही. जमलं ते घरी येतानाच्या रस्त्यावर. वर्गात गट असतात, रस्त्यावर फक्त त्याच दिशेला राहणारी मुलं असतात. रस्ता सुरक्षित असेल तर तिला चालत येऊ द्या. पाऊस असला तर उत्तमच, एका छत्रीत दोघी येतात.

---

कळंब्याची_आई | ९ जुलै, सकाळी ८:०५

गाडीवरूनच आणते. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे, मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. आजपासून कोपऱ्यापर्यंतच जाईन.

---

चिखलीकर | ११ जुलै, रात्री ९:२०

उशिरा वाचला धागा. मी प्रयाग चिखलीचा. २०१९ च्या महापुरात आमचं अख्खं गाव बाहेर पडलं. आम्ही कोल्हापुरात एका शाळेत राहायला होतो. माझा मुलगा तेव्हा लाजराबुजरा, गावातही कुणाशी बोलायचा नाही. त्या शाळेत वर्गखोल्यांमध्ये सतरंज्या टाकून माणसं झोपायची. मुलांना काम दिलं होतं, आलेल्या बिस्किटांचे पुडे मोजून खोलीप्रमाणे वाटायचे. त्याला मोजणी जमायची. आंबेवाडीची दोन पोरं त्याच्या हाताखाली होती. आज ती पोरं दर पंचमीला आमच्या घरी असतात.

मी त्याला "मैत्री कर" असं कधी सांगितलं नाही. त्याला जे येत होतं त्याची तिथं गरज पडली. तुमच्या मुलीला जे येतं त्याची वर्गाला गरज पडेल असं काही आहे का, ते शोधा. पाणकोंबडीची गरज कुणाला नसते, हे मात्र खरं.

---

निवृत्त_बाई | ११ जुलै, रात्री ९:४५

चिखलीकर, फार मोलाचं लिहिलंत.

---

कळंब्याची_आई | २६ जुलै, रात्री १०:०२

मंडळी, सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं म्हणून काय झालं ते सांगायलाच हवं.

बाईंशी बोलले. त्यांनी कुठलीही घोषणा न करता हिला एका मुलीबरोबर फळ्यावर तारीख, वार आणि दिनविशेष लिहायचं काम दिलं. ती मुलगी अबोल आहे, कुणाच्याच गटात नाही. दोघी सकाळी वर्ग उघडायच्या आधी जातात.

मग मागच्या आठवड्यात पाऊस लागला. तुम्हाला माहीत आहे, पाऊस लागला की कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? आमच्याकडे जेवताना रोज तेच चालतं. ही रोज सकाळी बातम्यांतून पातळी वहीत टिपून ठेवते, दोन वर्षांपासूनची सवय. त्या अबोल मुलीनं ती वही पाहिली आणि म्हणाली, "हे फळ्यावर लिहू या." तारखेखाली दोघींनी लिहिलं: पंचगंगा आज इतके फूट, इशारा ३९, धोका ४३.

झालं! दहा वाजता सगळा वर्ग फळ्यासमोर. पाणी वाढलं की शाळेला सुट्टी, हे प्रत्येक पोराला ठाऊक. "आज किती? काल किती हुतं? उद्या ३९ होईल काय?" मुलं हिला घेरून विचारायला लागली. हिनं कालच्या आणि परवाच्या आकड्यांची वजाबाकी करून सांगितलं, असाच पाऊस राहिला तर परवा इशारा पातळी. दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा मधल्या सुट्टीत विचारायला आली. नदीकाठच्या बाजूला राहणारी एक मुलगी मात्र सुट्टीसाठी विचारत नव्हती. तिच्या घरात २०२१ ला पाणी आलं होतं. ती रोज हळूच येऊन आकडा विचारून जायची. हिनं तिला सांगितलं, "मी तुला सकाळी आधी सांगत जाईन." आता त्या दोघी आणि ती अबोल मुलगी, तिघी एकत्र घरी येतात. कोपऱ्यावर मी उभी असते, तर मला म्हणतात, "काकू, तुमी पुढं जावा की."

वह्यांमधल्या चुका काढणं तिनं स्वतःहून कमी केलंय. लगोरीत परवा पाच दगडांनी खेळली.

---

पेठेतला_गडी | २६ जुलै, रात्री १०:११

नाद खुळा! पोरगी हवामान खात्यात जाती बघा.

---

तत्त्वाचं_बोला | २६ जुलै, रात्री १०:२९

फार आनंद झाला. खरं सांगण्याचं पुढं काय केलंत?

---

कळंब्याची_आई | २६ जुलै, रात्री १०:४०

निवृत्त बाईंनी लिहिलेला फरक तिला वाचून दाखवला आणि तुमचं वाक्यही सांगितलं, तू बरोबर होतीस म्हणून. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग बाईंनी मला एकटीला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." मी त्यावर काही बोलले नाही.

एक मात्र राहिलंय. जिचं नाव सांगितलं ती मुलगी अजून बोलत नाही. फळ्यापाशी सगळ्या येतात, ती बाकावरच बसते. हिनं तिला दोनदा हाक मारली, तिनं मान फिरवली. मी काही करू का?

---

सरळसोट | २६ जुलै, रात्री १०:५५

तिच्या आईला भेटा की सरळ.

---

निवृत्त_बाई | २७ जुलै, सकाळी ६:५०

आईला भेटू नका, मुलींचं प्रकरण घरापर्यंत जाईल आणि त्या मुलीला पुन्हा बोलणी बसतील. आधी बाईंना एवढंच विचारा, त्या दिवशी त्या मुलीला शिक्षा काय झाली होती. वर्गासमोर उभं केलं असेल तर तिचा राग तुमच्या मुलीवर कमी आणि त्या उभं राहण्यावर जास्त आहे. तसं असेल तर ते बाईंनीच मोकळं करायला हवं, एकांतात. तुमच्या मुलीनं पुन्हा पुन्हा हाका मारू नयेत. गणपतीच्या सुट्टीनंतर बाकं बदलतात, त्या वेळी दोघींना एका ओळीत बसवता येईल का, हेही बाईंच्या कानावर घालून ठेवा.